आभासी जगाची बोलकी बखर



कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर यावे आणि बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून आभासी वास्तवाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. खरे सांगायचे तर ते आम्हांलाही वाटत आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीशी थांबले. इंग्रजी जे काही आले, ते कामगार न्यायालयाचे निकाल मांडीवर शब्दकोश घेऊन वाचता वाचता आले. तेव्हा यंत्रशास्त्रातील बारकावे आमच्याकडून ऐकायला मिळतील अशी अपेक्षा कोणी करू नये. आम्ही सांगणार आहोत ती एका यंत्राची हकीकत आहे. ते यंत्र कसे जन्मले, त्याच्याविषयी भरसभेत कोण काय बोलले आणि ते बोलणे कोणीतरी टिपून ठेवल्यामुळे आज आपल्या पदरात काय पडते, एवढेच आमचे प्रतिपादन.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका प्रश्नामुळे. काही दिवसांपूर्वी संघटनेच्या कामानिमित्त एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात जाण्याचा प्रसंग आला. तिथे शिकाऊ उमेदवारांना वेल्डिंग शिकवण्यासाठी नवे साधन आणले होते. उमेदवाराने डोक्यावर शिरस्त्राण चढवायचे आणि हातात होल्डरसारखी एक मूठ धरायची. समोर लोखंड नाही, रॉड नाही, ठिणगी नाही. पण शिरस्त्राणातील पडद्यांवर सारे दिसते. हात थरथरला की वेल्डची रेघ वाकडी पडते आणि काम संपल्यावर यंत्र गुणही देते. आमच्याबरोबर एक जुने वेल्डर मिस्त्री होते. चाळीस वर्षे त्यांनी याच धंद्यात घालवलेली. त्यांनी कुतूहलाने ते शिरस्त्राण चढवले, पाच मिनिटे काम केले, गुणही चांगले मिळवले. मग ते खाली ठेवून म्हणाले, "सगळं खरं आहे हो, पण चटका कुठं आहे?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. हे यंत्र मुळात कोणी काढले, कशासाठी काढले, आणि ते काढताना चटका सोसणाऱ्या माणसाचा विचार कोणी केला होता काय, हे शोधावेसे वाटले. शोधता शोधता असे आढळले की या यंत्राची बखर केवळ ग्रंथांत नाही. ती परिषदांतून दिलेल्या आणि टिपून ठेवलेल्या भाषणांत आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही ती भाषणे ऐकत बसलो. एकेक भाषण तीन-तीन वेळा ऐकावे लागले, पण ऐकले.

टिपून ठेवलेल्या शब्दाची किंमत आम्हां कामगारांना कोणी शिकवायला नको. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वाटाघाटीत बदली कामगारांना कायम करण्याचे तोंडी आश्वासन आम्हांला मिळाले. चहा झाला, हस्तांदोलन झाले. इतिवृत्त मात्र लिहिले गेले नाही. वर्षभराने तेच गृहस्थ शांतपणे म्हणाले, "असे आम्ही बोललोच नव्हतो." चूक आमचीही होती. तेव्हापासून बैठकीला गेलो की आम्ही आधी कागद-पेन पाहतो, चहा मागाहून. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली आणि एडिसनचा फोनोग्राफ निघाला १८७७ साली. दोन वर्षांचेच अंतर. पण रानड्यांचा आवाज कसा होता, ते कुठे थांबत, श्रोते कुठे हसत, हे आज सांगता येत नाही. छापील निबंध म्हणजे धुऊन इस्त्री केलेला सदरा. टिपलेले भाषण म्हणजे कामावर असताना अंगात घातलेला सदरा. घामाचे डाग कुठे आहेत ते दुसऱ्यावरच दिसते.

आता मूळ विषयाकडे वळू. हे शिरस्त्राण करते तरी काय? दोन डोळ्यांपुढे दोन चित्रे ठेवायची, ती एकमेकांपासून किंचित वेगळी. म्हणजे मेंदूला खोली भासते. ही युक्ती इंग्लंडात व्हीटस्टन यांनी १८३८ सालीच दाखवली होती. नवी गोष्ट आहे ती पुढची. पाहणाऱ्याचे डोके किती वळले हे यंत्राने मोजायचे आणि त्या वळणाप्रमाणे चित्र क्षणार्धात नव्याने काढायचे. डावीकडे पाहिले की डावीकडचे जग दिसले पाहिजे. एवढे साधले की माणूस चित्र पाहत नाही, चित्रात उभा राहतो. यालाच पुढे आभासी वास्तव असे नाव पडले.

या कुळाचा एक मूळपुरुष, आश्चर्य वाटेल, बाजाच्या पेट्या करणाऱ्यांच्या घरातला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन लिंक यांना विमान चालवण्याचा नाद लागला. शिकवणीचा खर्च परवडेना, तेव्हा ऑर्गनला लागणारे भाते आणि हवेच्या नळ्या जोडून त्यांनी १९२९ साली जमिनीवरच डोलणारे, वळणारे खोटे विमान तयार केले. वैमानिकीचे शिक्षण देण्यासाठी त्याला प्रारंभी फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. ते करमणुकीच्या बागांतून विकले गेले. मग १९३४ साली अमेरिकेत टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवण्यात आले. धुक्यात आणि वादळात नुसत्या उपकरणांवर नजर ठेवून विमान चालवण्याचा सराव त्यांना नव्हता; थोड्याच दिवसांत अपघातांत अनेक वैमानिक दगावले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. जत्रेतले खेळणे शाळेत गेले ते माणसे मेल्यावर. कारखान्यात मशीनला जाळी कधी बसते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरा पुरुष मॉर्टन हायलिग. हे सिनेमाचे चित्रण करणारे गृहस्थ. प्रेक्षकाच्या डोळ्याकानांबरोबर नाकाला आणि त्वचेलाही सिनेमा जाणवला पाहिजे, असा विचार त्यांनी १९५५ साली एका निबंधात मांडला आणि १९६२ साली 'सेन्सोरामा' या यंत्राचे पेटंट मिळवले. एका खोक्यात डोके घालून बसायचे. मोटारसायकलवरून ब्रुकलिनच्या रस्त्यांतून फेरी घडते. आसन थरथरते, तोंडावर वारा येतो, वासही येतात. याआधी, १९६० साली, डोळ्यांवर चढवायच्या उपकरणाचेही पेटंट त्यांनी घेतले होते. परंतु भांडवल लावायला कोणी पुढे आले नाही. लिंक यांच्यामागे लष्कर उभे राहिले, हायलिग यांच्यामागे कोणी नाही. कल्पना दोघांचीही उत्तम. फरक पैशाच्या पिशवीचा.

यानंतर येतात आयव्हन सदरलंड. १९६५ साली न्यूयॉर्क येथे संगणकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिच्यात या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने एक छोटेसे टिपण वाचले. संगणकाचा अंतिम पडदा कसा असेल, असा त्याचा विषय. शेवटी ते म्हणतात की हा पडदा म्हणजे एक खोली असेल आणि तिच्यातील वस्तूंचे अस्तित्वच संगणकाच्या ताब्यात असेल. तिथली खुर्ची बसण्याजोगी असेल, तिथल्या बेड्या खरोखर जखडतील, तिथली गोळी खरोखर प्राण घेईल. हे वाचले तेव्हा आम्ही चपापलो. खुर्ची ठीक आहे. पण पुढची दोन उदाहरणे बेडी आणि गोळी हीच का सुचावीत? भाकरी का सुचू नये? एकट्या सदरलंड यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या वेळी ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत संगणक विभागाचे प्रमुख होते आणि या विद्येला खतपाणी प्रामुख्याने तिथूनच मिळत होते. ज्या विहिरीचे पाणी, त्या विहिरीची चव.

पुढे हार्वर्ड विद्यापीठात सदरलंड यांनी बॉब स्प्राउल आणि इतर तरुणांच्या मदतीने शिरस्त्राण प्रत्यक्ष घडवले. डोळ्यांपुढे दोन चिमुकल्या काचनळ्या, आणि डोक्याची हालचाल मोजण्यासाठी छताला टांगलेला लोखंडी दांडा. डोक्यावर लोंबणारा तो दांडा पाहून लोकांनी त्याला डॅमोक्लिसची तलवार म्हटले. ग्रीक कथेत राजाच्या मेजवानीला बसलेल्या डॅमोक्लिसच्या डोक्यावर एका केसाने बांधलेली तलवार लटकत असते, तिच्यावरून. दांड्याच्या आवाक्यात माणसाला सहा फूट व्यासाच्या आणि तीन फूट उंचीच्या जागेतच डोके हलवता येई. दिसायचे काय? प्रकाशाच्या रेघांची एक खोली. चार भिंतींवर चार दिशांची अक्षरे. बस्स. आज पोरेबाळे हसतील. पण डोके वळवल्याबरोबर ती खोली जागच्या जागी राही, आणि सारा चमत्कार तिथेच होता.

ही हकीकत सदरलंड आणि स्प्राउल यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात एका भाषणात सांगितली आहे. या तंत्राला आजचे नाव मिळण्यापूर्वीची गोष्ट, असा त्या भाषणाचा विषय, आणि त्याची चित्रफीत तिथल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. सदरलंड यांच्या आठवणींत एक गोष्ट फार बोलकी आहे. बेल हेलिकॉप्टर कंपनीत एक प्रयोग चालला होता. एक माणूस आत बसून डोळ्यांवर पडदे लावी आणि त्याच्या डोक्याच्या हालचालीप्रमाणे दुसरीकडे ठेवलेला कॅमेरा वळे. कॅमेऱ्यापुढे दोघे चेंडू खेळत होते. एकाने चेंडू कॅमेऱ्याच्या दिशेने फेकला, तर आत सुखरूप बसलेला माणूस झटकन खाली वाकला! सदरलंड म्हणतात, आम्ही काय केले, तर त्या कॅमेऱ्याच्या जागी संगणक बसवला. आपण आरंभ केला नाही, आपण एक दुवा जोडला, हे मोठ्या माणसाने मोकळेपणाने सांगावे, यात आम्हांला मोठेपणा दिसतो. छापील निबंधात हा सूर क्वचितच लागतो.

सदरलंड यांचा शिरस्त्राणावरचा निबंध डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत सादर झाला. त्याच परिषदेत, ९ डिसेंबरला, डग्लस एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. सुदैवाने त्याचे चित्रण झाले आणि ते स्टॅनफर्ड विद्यापीठाने जपून ठेवले आहे. सुमारे हजार श्रोते होते. एंगलबार्ट व्यासपीठावर, आणि त्यांचा संगणक तीस मैलांवर मेन्लो पार्क येथे. हातात माउस, डोक्यावर कानयंत्र. पडद्यावर शब्द लिहिणे, खोडणे, एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारणे, दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर पाहत दोघांनी मिळून एकच काम करणे, हे सारे लोकांनी तिथे प्रथम पाहिले. आभासी वास्तवाचे हे यंत्र नव्हे. पण माणूस आणि संगणक यांच्यामधली भिंत पाडण्याचे कार्य तेच. दोघांनी ते दोन वाटांनी आरंभले होते, आणि त्या दोन वाटा एकाच परिषदेत शेजारी शेजारी आल्या.

ही फीत पाहताना आमचे कान दोन ठिकाणी टवकारले. पहिले म्हणजे, प्रारंभीच एंगलबार्ट श्रोत्यांना 'बौद्धिक कामगार' म्हणून संबोधतात आणि विचारतात की तुमच्या कचेरीत दिवसभर तत्पर असा संगणक तुमच्या सेवेला ठेवला, तर त्यापासून तुम्हांला किती लाभ होईल? कामगाराची जागा यंत्राने घ्यावी असे ते म्हणत नाहीत. कामगाराचे बळ यंत्राने वाढावे असे म्हणतात. दुसरे म्हणजे, या फितीत जे दिसतात त्यांच्याहून न दिसणारे अधिक आहेत. सभागृहाच्या मागे बसून सारी सूत्रे हलवत होते बिल इंग्लिश. एंगलबार्ट यांच्या आराखड्यावरून पहिला लाकडी माउस करणारेही तेच. मेन्लो पार्कला एक कॅमेरा धरून उभे होते स्ट्यूअर्ट ब्रँड. नाटकात टाळ्या नटाला मिळतात; पडदा ओढणाऱ्याच्या हाताला फोड आले, हे प्रेक्षकाला कळत नाही. फीत जपली गेली म्हणूनच, तिच्यामागे कोण होते हे विचारण्याची बुद्धी पुढच्या पिढीला झाली.

आता १९८० नंतरचा काळ. ओहायो राज्यातील लष्करी विमानतळावर थॉमस फर्नेस हे १९६६ पासून वैमानिकांसाठी शिरस्त्राणे घडवत होते. १९८२ साली त्यांनी दाखवलेले शिरस्त्राण बलाढ्य होते आणि त्याची किंमतही लष्करालाच परवडणारी होती. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात मायकेल मॅक्ग्रीव्ही यांच्यापाशी एवढा पैसा नव्हता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खिशात मावणारे दूरचित्रवाणी संच आणले, त्यांचे छोटे पडदे काढले आणि १९८५ च्या सुमारास स्वस्तातले शिरस्त्राण उभे केले. मोडक्या गिरणीतला पट्टा दुसऱ्या मशीनला जोडून पाळी भरून काढणारा आमचा जॉबर त्यांना पाहून खूश झाला असता.

याच वेळी जॅरन लॅनियर यांची व्हीपीएल ही छोटी कंपनी पुढे आली. तिचा हातमोजा प्रसिद्ध आहे. थॉमस झिमरमन यांच्या कल्पनेवर आधारलेल्या या मोज्यात प्रकाशवाहक तंतू बसवलेले होते. बोट वाकले की तंतूतला प्रकाश गळे आणि त्यावरून बोट किती वाकले हे संगणकाला कळे. 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' हे नाव लोकांच्या तोंडी बसवले ते लॅनियर यांनीच. १९८९ च्या उन्हाळ्यात बॉस्टन येथे संगणक-चित्रकलेची सिग्राफ ही वार्षिक परिषद भरली, तेव्हा या विषयावर एक परिसंवाद झाला. कोको कॉन यांनी तो घडवून आणला. लॅनियर, नासाचे स्कॉट फिशर, मार्गारेट मिन्स्की आणि ॲलिसन ड्रुइन हे वक्ते. मिन्स्की यांचे काम स्पर्शावर. पडद्यावरचा खडबडीतपणा हाताला कसा जाणवेल, हा त्यांचा ध्यास. ड्रुइन यांनी लहान मुलांना कुशीत घेता येईल असा केसाळ प्राणीच संगणकाला जोडला होता. म्हणजे पहा, मिस्त्रींचा चटक्याचा प्रश्न या सभेत पोहोचला नसला, तरी स्पर्शाचा प्रश्न पोहोचला होता, आणि तो मांडण्यात स्त्रिया पुढे होत्या. हे आपल्याला कळते, कारण त्या परिसंवादातले बोलणे पुढे परिषदेच्या इतिवृत्तात छापले गेले. सिग्राफने तर १९७९ पासूनच चित्रफितींची मालिका काढली होती. परिषदेला ज्याला जाता आले नाही, त्याच्याही हाती त्यातले काही पडावे, ही दृष्टी त्यामागे होती.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे आशेची भरती होती. १९९० साली डलास येथे याच परिषदेत जो परिसंवाद झाला, त्याच्या नावातच गाजावाजा आणि आशा हे दोन्ही शब्द होते. नवे जग दाराशी आले, असे लोक बोलू लागले. भरतीनंतर ओहोटी ठरलेली. १९९२ च्या अखेरीस व्हीपीएल संस्थापकांच्या हातून गेली. १९९५ साली निन्टेन्डोने काढलेला 'व्हर्च्युअल बॉय' हा खेळ वर्षभरातच बाजारातून उठला. सर्वसामान्यांच्या घरात शिरस्त्राण येण्याची गोष्ट पुन्हा निघाली ती २०१२ साली, ऑक्युलसमुळे. आणि २०१४ साली फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले.

या गदारोळात एक आवाज आम्हांला फार जवळचा वाटला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे फ्रेडरिक ब्रूक्स यांचा. सदरलंड यांच्या भाषणापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९६७ पासून एक काम चालवले होते. किरणोत्सारी पदार्थ दुरून हाताळण्यासाठी केलेला यांत्रिक हात त्यांना मिळाला होता. तो संगणकाला जोडून औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत कसा बसतो, हे रसायनशास्त्रज्ञाला हाताने चाचपून पाहता यावे, असा त्यांचा प्रयत्न होता. १९९४ साली सिग्राफमध्ये पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या भाषणात ब्रूक्स म्हणाले की आम्ही संगणकवाले म्हणजे हत्यारे घडवणारे कारागीर आहोत. हत्यार चांगले की वाईट, हे घडवणाऱ्याने ठरवायचे नाही. ते हातात धरून काम करणाऱ्याने ठरवायचे. बंधुभगिनींनो, हे वाक्य एखाद्या गेटसभेत शोभले असते. आणि १९९९ साली दुसऱ्या एका परिषदेत त्यांनी सरळ हिशेब मांडला. पाच वर्षांपूर्वी हे तंत्र जवळजवळ चालत होते, आता ते कसेबसे का होईना, खरोखर चालते. कुठे चालते, हे पाहायला ते स्वतः ठिकठिकाणी हिंडले होते. आश्वासनांच्या बाजारात असा पावती देणारा माणूस विरळा.

हत्यार धरणाऱ्याने ठरवायचे, हे तत्त्व मनात धरून आता आपण सिएटल शहरात जाऊ. तिथे बोइंग विमान कंपनीचे दोन संशोधक, टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल, यांनी जानेवारी १९९२ मध्ये हवाई बेटांवरील एका परिषदेत निबंध वाचला. विमानात तारांच्या जुड्या असतात. प्रत्येक जुडीसाठी मोठा फळा, त्यावर आराखडा, आणि त्याबरहुकूम कामगार एकेक तार बसवत जाणार. दर विमानाचे फळे निराळे. ते करण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च मोठा. त्यावर तोड अशी की कामगाराच्या डोळ्यांपुढे पारदर्शक पडदा द्यायचा आणि पुढची तार कुठे जायची हे त्यावर दाखवायचे. खऱ्या जगावर आभासी रेघ. या निबंधाने 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी', म्हणजे वाढीव वास्तव, हा शब्द रूढ केला. म्हणजे हा शब्द मुळात कारखान्यातल्या हातकामासाठी जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. याच कंपनीत १९८९ साली यंत्रकामगारांच्या संघटनेचा ४८ दिवसांचा संप झाला होता. म्हणजे तिथला कामगार मुका नव्हता. तरीही हा निबंध दोन संशोधकांचा आहे. त्यात खर्चाचा विचार आहे, अचूकतेचा आहे. परंतु फळ्यापुढे उभे राहून वर्षानुवर्षे तारा बसवणारा माणूस त्या परिषदेच्या व्यासपीठावर आला नाही. त्याला विचारले असते तर कदाचित त्याने पडद्याचे स्वागतही केले असते. कदाचित त्याने विचारले असते, तार कुठे जाते हे आता पडद्याला ठाऊक. मग माझ्या डोक्यात जे होते त्याचा दर कोण ठरवणार?

त्याच सिएटल शहरात दुसरी गोष्ट घडली आणि तिने आमचे मन पुष्कळ हलके केले. लष्करासाठी तेवीस वर्षे शिरस्त्राणे करणारे थॉमस फर्नेस १९८९ साली ते काम सोडून तिथल्या विद्यापीठात आले आणि त्यांनी प्रयोगशाळा काढली. त्या प्रयोगशाळेत हंटर हॉफमन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाजलेल्या रुग्णांवर काम सुरू केले. भाजलेल्या माणसाची जखम धुणे आणि पट्टी बदलणे ही रोजची यातना असते. औषधे देऊनही ती पुरती शमत नाही. त्या वेळी रुग्णाच्या डोळ्यांवर शिरस्त्राण चढवतात. त्यात बर्फाची दरी आहे, पेंग्विन आहेत, बर्फाचे गोळे फेकायचे आहेत. लक्ष तिकडे गुंतले की वेदना कमी जाणवते, असे रुग्णांनी सांगितले आणि संशोधकांनी नोंदवले. लढाऊ विमानाच्या वैमानिकासाठी वाढलेली विद्या आता जळालेल्या कातडीवर फुंकर घालते. आमच्या मिस्त्रींनी विचारले होते, चटका कुठे आहे? चटका इथे होता. आणि या वेळी यंत्र बनवणाऱ्यांनी तो सोसणाऱ्याचा विचार करून यंत्र बनवले.

तात्पर्य काय? यंत्राचे नशीब त्याच्या पोटात लिहिलेले नसते. ते खोलीत बसलेले लोक लिहितात: पैसा कोण देतो, बोलतो कोण, ऐकतो कोण. बेडी, गोळी, हातमोजा, तारांची जुडी, बर्फाची दरी, ही सारी एकाच कुळातली अपत्ये. आमच्या देशातही हा अनुभव आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांनी संगणक किती आणि कसे आणायचे याचा लेखी करार केला. पहिल्यात नकार होता, दुसऱ्यात अट होती. नकार फार काळ टिकला नाही. अटीमुळे निदान खोलीत बसायला खुर्ची मिळाली, आणि ती खुर्ची आभासी नव्हती.

म्हणून परवा आम्ही एक काम केले. त्या मिस्त्रींना संघटनेच्या कचेरीत बसवले, समोर मोबाइल ठेवला आणि दोन तास बोलते केले. ते म्हणाले, वेल्ड नीट बसतो आहे की नाही हे आम्ही डोळ्यांनी नंतर पाहतो, आधी कानाने ओळखतो. कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला पाहिजे. तो तुटला की हात बिघडला. शिकवणाऱ्या यंत्राला हे कोणी सांगितले आहे की नाही, आम्हांला ठाऊक नाही; पुढच्या बैठकीत आम्ही ते विचारणार आहोत. ती फीत कचेरीत जपून ठेवली आहे, तिच्यावर तारीख घातली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे जुने हात असतील, त्यांनी एक संध्याकाळ त्यांच्यापुढे बसावे आणि त्यांचे बोलणे टिपून घ्यावे.

अध्यक्षमहाराज, आमचे म्हणणे संपले. त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.